नवनाथभक्तिसाराचा चाळिसावा अध्याय आणि गर्भगिरीवरील जोगी-फकीर

धुंडिसुत मालू याचा 'नवनाथभक्तिसार' हा ग्रंथ महाराष्ट्रांत ज्या मानानें वाचला जातो त्या मानानें तो तपासला गेलेला नाहीं. भाविक त्याचें पारायण करितो आणि शंका घेत नाहीं. अभ्यासक त्यांतील चमत्कार पाहून पोथी बाजूस ठेवितो आणि शंका घेण्याचेही श्रम करीत नाहीं. दोघांच्याही हातून परिणाम एकच होतो. साधन म्हणून पोथीची जी किंमत आहे ती ठरावयाची राहून जाते. प्रस्तुत लेखांत आम्ही या ग्रंथाचा केवळ चाळिसावा, म्हणजे शेवटचा अध्याय परीक्षणास घेतों. कारण बीड जिल्ह्यांतील आणि त्याच्या सीमेवरील चार प्रसिद्ध समाधिस्थानांचा, आणि त्यांच्या निमित्तानें जोगी व फकीर यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न या अध्यायाशीं निगडित आहे. भटक्या भिक्षेकऱ्यांचा इतिहास लिहितांना कोणत्या कागदावर किती भार घालावा, याचा विचार करण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं.

प्रथम ग्रंथाची ओळख. ग्रंथसमाप्तीचा काल कवीनें स्वतः दिला आहे. तो शके १७४१, प्रमाथी संवत्सर, म्हणजे इ. स. १८१९ हा होय. शक आणि संवत्सर यांचा मेळ गणितानें बरोबर बसतो, म्हणून हा काल संशयास्पद मानण्याचें कारण नाहीं. पेशवाई बुडाल्याला तेव्हां जेमतेम एक वर्ष झालें होतें. कवि आपल्या कथेस गोरक्षाच्या 'किमयागार' नामक ग्रंथाचा आधार सांगतो; परंतु आधाराचें नांव सांगणें ही एक गोष्ट आणि आधार समोर ठेवणें ही दुसरी. म्हणून पोथींतील मजकुराची जबाबदारी आपणांस १८१९ च्या मालूकवीवरच टाकली पाहिजे, गोरक्षावर नव्हे. ही साधी मर्यादा न पाळल्यामुळें नाथपंथाच्या पुष्कळ लिखाणांत एकोणिसाव्या शतकाचें बोलणें बाराव्या शतकाच्या तोंडीं घातलें गेलें आहे.

शेवटच्या अध्यायांत नवनाथांच्या अखेरच्या वास्तव्याची हकीकत येते. तिचें सार असें कीं, नाथ शके १७१० पर्यंत प्रकट रूपानें फिरत होते, आणि पुढें आपापल्या स्थानीं गुप्त झाले. मढीस कानिफा राहिला. त्याच्या वरच्या बाजूस मच्छिंद्र. गर्भगिरीवर जालंदर, त्यासच जानपीर म्हणतात. आणि त्याच्या खालीं गहिनी, त्यास गैबीपीर म्हणतात. नागनाथ वडवाळेस व रेवणनाथ विट्यास राहिला. कांहीं नाथ अद्याप गुप्त रूपानें तीर्थाटन करितात असेंही पोथी म्हणते.

गर्भगिरी हा बालाघाटाचा फांटा. पोथींतील चार स्थळें आज भूगोलांत निश्चित दाखवितां येतात. मढी अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यांत आहे. मच्छिंद्राचें स्थान, ज्यास मायंबा म्हणतात, तें बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत सावरगांवाजवळ; जालंदराचें स्थान येवलवाडीस, आणि गहिनीनाथाचें पाटोदा तालुक्यांत चिंचोलीजवळ गहिनीनाथगडावर, हीं दोन्हीही बीड जिल्ह्यांत. चारही स्थळें एकाच डोंगराच्या आश्रयानें असतां त्यांमधून जिल्ह्याची सीमा गेली आहे. ही सीमा पूर्वीं दोन राज्यांची होती. मढी इंग्रजी अंमलांत मुंबई इलाख्याकडे, आणि उरलेलीं तीन निजामाच्या मुलखांत. त्यामुळें १८८४ सालीं अहमदनगरचें गॅझेटियर निघालें तेव्हां मढीची दंतकथा इंग्रजींत नोंदली गेली, आणि डोंगराच्या पलीकडच्या तीन स्थळांस त्या नोंदींत जागा मिळाली नाहीं. मालूकवीची पोथी मात्र चारही स्थळें एका दृष्टिक्षेपांत पाहते. भिक्षेकऱ्यास राज्याची सीमा नसते. त्याची वाट समजून घ्यावयाची तर सरकारी दप्तराहून पोथी अधिक उपयोगी पडते, तें असें.

आतां पोथीवरील पहिला आक्षेप, म्हणजे कालविपर्यास. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं ज्ञानदेवांनीं आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति अशी दिली आहे, आणि त्या ग्रंथाचा शक १२१२ आहे. म्हणजे गहिनीनाथाचा काल इ. स. १२९० च्या अलीकडे आणतां येत नाहीं. मालूकवि मात्र त्यास १७८८ पर्यंत उघड फिरवितो. दुसरी अडचण लौकिक कथेची. जानपीर, गैबीपीर या नामांतरास औरंगजेबाची गोष्ट जोडून सांगतात: बादशहानें या समाधी कोणाच्या असें विचारलें, आणि तेव्हांपासून त्यांस पीरांचीं नांवें पडलीं. पण बादशहा १७०७ सालीं वारला. १७८८ पर्यंत जे प्रकट फिरत होते त्यांच्या समाधींविषयीं त्याआधीं ऐंशी वर्षें मेलेला बादशहा प्रश्न कसा विचारील? पोथी खरी मानल्यास गोष्ट खोटी ठरते, आणि गोष्ट खरी मानल्यास पोथीचा शक खोटा ठरतो.

येथें अभ्यासकास एक मोह होतो. 'सतराशें'च्या जागीं 'दहाशें' वाचलें कीं शके १०१० येतो; गहिनीचा काल सुटतो, बादशहाची अडचण जाते, आणि नाथांस साजेसें प्राचीनत्वही मिळतें. आमचा या दुरुस्तीस स्पष्ट विरोध आहे. हस्तलिखितांत पाठ मिळाल्यावांचून केवळ सोयीसाठीं अंक बदलणें ही पाठशुद्धि नव्हे. तो साक्षीदाराचा जबाब बदलणें होय. शिवाय ही दुरुस्ती केल्यानें जें नाहींसें होतें तेंच या अध्यायांतील सर्वांत मोलाचें विधान आहे. ग्रंथ शके १७४१ चा. नाथ गुप्त झाले शके १७१० मध्यें. अंतर एकतीस वर्षांचें, म्हणजे एका पिढीचें. कवि आपल्या श्रोत्यांस सांगतो आहे कीं तुमच्या वडिलांनीं नाथ पाहिले असतील, तुम्ही पाहणार नाहीं. व्यक्ति म्हणून मच्छिंद्र-गहिनी अठराव्या शतकांत फिरत नव्हते, हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. पण त्यांच्या नांवानें, त्यांची शृंगी व मुद्रा धारण करून फिरणारे जोगी होते. आणि गांवच्या दृष्टीनें दारांत 'अलख' म्हणून उभा राहिलेला जोगी हाच नाथ असे. त्यांचें फिरणें विरळ झालें असें १८१९ च्या एका माणसास वाटत होतें, एवढाच अर्थ त्या शकांतून निघतो असें आमचें अनुमान आहे. तें अनुमानच आहे. पण तें लिहिलेल्या अक्षरांस धरून आहे, आणि 'दहाशें' हें त्यांस सोडून आहे.

दुसरा आक्षेप नांवांचा. बादशहाच्या भीतीनें नाथांच्या समाधी पीरांच्या नांवाखालीं झांकल्या, असें या गोष्टीचें तात्पर्य सांगण्यांत येतें. हें तात्पर्य एकेका नांवावर घासून पाहूं. 'गैबी' हा शब्द अरबी 'गैब' यापासून आला. त्याचा अर्थ अदृश्य, परोक्ष. पोथी नाथांस 'गुप्त' म्हणते, आणि गैबी म्हणजेही गुप्तच. म्हणजे या ठिकाणीं नांव झांकलेलें नसून त्याचें भाषांतर झालेलें आहे, आणि तेंही 'गहिनी' या नादाशीं जुळेल असें. 'जान' म्हणजे प्राण. जालंदराच्या पहिल्या अक्षरास तो शब्द सहज लागतो. मच्छिंद्राच्या 'मायंबा' या नांवांत तर फारसीचा गंधही नाहीं. आणि मढीच्या कानिफास लोक 'कान्होबा' म्हणतात. 'कान्होबा' हें नांव घेऊन बादशहापासून कोणती समाधी लपविली जाणार? चारांपैकीं दोन नांवें पीराचीं आहेत आणि दोन मुळींच नाहींत. सर्व नांवांस लावलेली एकच कथा निम्म्यांस लागू पडत नसेल तर ती कथा मागाहून रचली असें समजावें.

बादशहाचेंच नांव या गोष्टीस कां चिकटलें, हें मात्र सांगतां येतें. औरंगजेबाचा शेवटचा तळ अहमदनगरास होता आणि तेथेंच तो वारला. गर्भगिरीच्या लोकांच्या आठवणींत दिल्लीचा बादशहा म्हणजे शेजारीं येऊन मेलेला तो एकच. त्यामुळें जुन्या आणि कारण विसरलेल्या प्रत्येक बदलास त्याचें नांव लागावें हें स्वाभाविक आहे.

मढीच्या स्थळास मुसलमान जें नांव देतात तें आणखी विचार करावयास लावणारें आहे. ते त्यास शाह रमजान माहीसवार म्हणतात. माहीसवार म्हणजे मत्स्यारूढ. गॅझेटियरांत दिलेल्या कथेप्रमाणें हा पुरुष मूळचा हिंदु. पैठणास तो मुसलमान झाला, आणि मासळीवर बसून त्यानें गोदावरी ओलांडली. पण मासळीचा संबंध नाथपरंपरेंत कोणाशीं आहे? कानिफाशीं नव्हे, मच्छिंद्राशीं. माशाच्या पोटीं ज्याचा जन्म सांगतात आणि जो पोथीप्रमाणें मढीच्या वरच्याच बाजूस राहिला. म्हणजे दोन शेजारच्या समाधींपैकीं एकीचें लक्षण दुसरीच्या पीरास लागलें आहे. जोगी व फकीर यांच्या कथा एकमेकांत मिसळल्या एवढेंच नव्हे, तर त्या एका थडग्यावरून दुसऱ्या थडग्यावर गेल्या. कोणत्याही एका बाजूनें ठरवून नांव बदललें असतें तर असा घोटाळा झाला नसता. असा घोटाळा वर्षानुवर्षें तोंडोतोंडीं चाललेल्या कथनांतच होतो.

दोन्ही कथा शेजारीं ठेविल्या म्हणजे त्यांची घडण सारखीच दिसते. हिंदूंची कथा म्हणते, येथला पीर हा मुळांत नाथ. मुसलमानांची कथा म्हणते, येथला अवलिया जन्मानें हिंदु पण पुढें मुसलमान झालेला. प्रत्येक बाजू दुसरीचा हक्क अर्धा मान्य करून उरलेला अर्धा आपल्याकडे ओढते. दोघींना मान्य असलेली गोष्ट एकच: पुरुष एक, नांवें दोन. परीक्षकानें धरून ठेवावयाचें तें हेंच.

अशी देवघेव होण्यास बादशाही हुकुमाची गरज नव्हती, हें सिद्ध करण्यास त्याच मुलखांतील पुरावा पुरेसा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यांतील 'दबिस्तान' या फारसी ग्रंथांत जोग्यांविषयीं असें लिहिलें आहे कीं, ते मुसलमानांत असतां रोजे व नमाज पाळतात आणि हिंदूंत असतां हिंदूंचे आचार पाळतात. हें वर्णन उत्तर हिंदुस्थान पाहिलेल्या ग्रंथकाराचें म्हणून कोणी बाजूस सारील. त्यानें शेख महंमदाकडे पाहावें. याच्या घराण्याचा संबंध धारूर व वाहिरें या गांवांशीं सांगतात, आणि हीं दोन्ही गांवें बीड जिल्ह्यांतील आहेत. वाहिरें तर मायंबाच्याच आष्टी तालुक्यांत. घराणें कादिरी परंपरेचें, गुरु दौलताबादचे चांद बोधले, वास्तव्य श्रीगोंद्यास, आणि ग्रंथ मराठी ओवीचा. शके १५६७, म्हणजे इ. स. १६४५ मधील त्याचा 'योगसंग्राम' योगमार्गाच्याच परिभाषेंत बोलतो. औरंगजेब त्या वेळीं तख्तावरही आलेला नव्हता. दुसरें उदाहरण बीड शहराचें. महादजी शिंदे यांचे गुरु मन्सूरशाह हे बीडचे अवलिया, आणि त्यांच्याविषयींची भक्ति ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यानें पुढेंही चालू ठेवली. महादजी १७९४ सालीं वारले. म्हणजे ज्या दशकांत मालूकवि नाथांस गुप्त करितो, त्याच दशकांत हिंदुस्थानांतील सर्वांत प्रबळ मराठा सरदार बीडच्या एका मुसलमान अवलियास गुरु मानीत होता. येथें भय कोणाचें आणि लपविणें कशाचें?

परंतु येथेंच दुसऱ्या टोंकाच्या चुकीपासूनही सावध राहिलें पाहिजे. अलीकडे असे सर्व प्रसंग 'ऐक्य' या एका शब्दांत गुंडाळण्याची रीत पडली आहे. जोगी, फकीर, जंगम, महानुभाव भिक्षु हे सगळे एकच होते असें म्हणणें म्हणजे त्यांतील कोणासही न ओळखणें होय. जोग्याच्या कानांत मुद्रा व गळ्यांत शृंगी. फकिराच्या हातीं कटोरा. जंगमाच्या हातीं घंटा व अंगावर लिंग. दारांतली हांकही प्रत्येकाची वेगळी. महानुभावांचें अटन तर नियमांनीं बांधलेलें: भिक्षा मागावी, एका स्थळीं आसक्ति ठेवूं नये, अन्य दैवत भजूं नये. अशा साधूकडून पीराच्या थडग्यावर फूल वाहिलें जाण्याची अपेक्षा कोणी करूं नये. पैठणास एकनाथांनीं जोगी, वासुदेव, फकीर यांचीं सोंगें भारुडांत आणलीं तीं त्यांची भाषा व वेष निरनिराळे राखूनच. प्रेक्षकांस तो भेद ठाऊक होता म्हणून सोंग वठलें. गर्भगिरीवर झालें तें सर्व पंथांचें मिश्रण नव्हे. तें विशिष्ट दोन पंथांचें, विशिष्ट डोंगरावरचें सान्निध्य होय, आणि तेवढेंच सांगणें प्रामाणिकपणाचें आहे.

महानुभावांशीं तुलना केली म्हणजे मालूकवीच्या पोथीचें खरें स्वरूपही लक्षांत येतें. चक्रधरांच्या अटनाची हकीकत त्यांच्याच अनुयायांनीं लिहून ठेविली. 'स्थानपोथी'त गांव, देऊळ व दिशा यांचा निर्देश इतका नेमका आहे कीं आजही ती हातांत धरून चालतां येतें. पुढें ते ग्रंथ सांकेतिक लिपींत गेले, म्हणून शतकेंच्या शतकें बाहेरच्यांस वाचतां आले नाहींत. पण अक्षर त्यांच्याच घरचें राहिलें. गर्भगिरीच्या चार स्थानांची हकीकत मात्र शेंकडों वर्षांनंतर एका कथाकाराच्या हातून आपणांस मिळते. फिरत्या माणसाचें वर्तमान बसलेल्या माणसाच्या लेखणींतून आलें म्हणजे त्यांत स्थान पक्कें होतें आणि वाट पुसली जाते. चाळिसाव्या अध्यायांत नाथ कोठें राहिले हें आहे. ते कोणत्या गांवांवरून फिरले, कोणत्या दारीं त्यांस भिक्षा मिळाली, हें तेथें नाहीं.

हा दोष एकट्या मालूकवीचा नाहीं. आपल्या संग्रहांचाही आहे. बीड जिल्ह्यांतून आजवर जें मोठें हस्तलिखित धन बाहेर आलें तें घरें, मठ व देवळें यांतून आलें. राजवाडे यांस ज्ञानेश्वरीची जुनी प्रत बीडच्या पाटांगणांत मिळाली आणि त्यांनीं ती १९०९ सालीं छापली. मूळ प्रत मात्र आज अभ्यासकांच्या हातीं नाहीं. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे: सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेलें 'पंचीकरण'. दासोपंत स्वतः माहूर, राक्षसभुवन असे फिरून अंबाजोगाईस आलेले. पण पासोडी टिकली ती ते तेथें स्थिरावले आणि वंशजांनीं ती जपली म्हणून. जोग्याच्या झोळींतील गुटका, फकिराच्या गांठोड्यांतील शजरा, यांस असें घर नव्हतें. तो पावसांत भिजला, किंवा धन्याबरोबर पुरला गेला. म्हणून आपल्या हातीं सनदा पुष्कळ आणि बाडें थोडीं अशी स्थिति झाली. आणि सनदा ज्यांच्या, इतिहासही त्यांचाच असें आपण नकळत मानूं लागलों.

याचें फळ केवळ विद्वत्तेपुरतें राहत नाहीं. मढीसारख्या स्थळाचें मूळ नांव कोणतें, हा आतां वहिवाटीच्या व मालकीच्या वादाचा विषय झाला आहे, आणि अशा वादांत पोथीचा एक चरण किंवा गॅझेटियराचें एक वाक्य तोडून पुढें केलें जातें. ज्या साधनांत दोन नांवें नांदतात त्यांतून एकच काढून दाखविणें, हें 'सतराशें'चें 'दहाशें' करण्यासारखेंच आहे. दुसरीकडे, वेष वाचण्याची विद्या समाजांतून गेली. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यानें गाणें, नाचणें, भविष्य सांगणें यांच्या मिषानें मागणें हेंही भिक्षेच्या व्याख्येंत घातलें. वासुदेव व जोगी यांची उपासना आणि तिचें मिष यांत भेद करण्याचें त्यास प्रयोजन नव्हतें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत राईनपाड्यास, मुलें पळविणारे समजून जमावानें पांच जणांस ठार केलें. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षेसाठीं फिरत आलेले. ज्या पंथाच्या नांवें गर्भगिरीवर जत्रा भरते, त्या पंथाचा चालता माणूस दोनशें वर्षांत इतका अनोळखी झाला. मालूकवीनें नाथ 'गुप्त' झाले म्हटलें होतें. ते होते तेथेंच होते, पाहणाऱ्यांस दिसेनासे झाले होते.

म्हणून या ग्रंथाविषयीं आमचा निर्णय असा. बाराव्या-तेराव्या शतकाच्या नाथांसाठीं 'नवनाथभक्तिसार' हें साधन नव्हे, आणि त्यास तें रूप देण्यासाठीं त्याचे शक बदलूं नयेत. परंतु १८१९ च्या सुमारास गर्भगिरीच्या परिसरांत नाथ व पीर यांचीं नांवें कशीं शेजारीं नांदत होतीं, याचा तो उत्तम आणि प्रामाणिक साक्षी आहे. शेवटच्या अध्यायाची चिकित्सक आवृत्ति निघणें अवश्य आहे. तींत निरनिराळ्या हस्तलिखितांतील शक व स्थलनामें यांचे पाठ जसेच्या तसे द्यावेत. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, फाटका गुटका, मिश्र लिपींतलें बाड, मोडी हिशेबाच्या पाठीवर लिहिलेला मंत्र असलें कांहीं हातीं आल्यास तें सामान्य म्हणून टाकूं नये, आणि तें कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणाच्या मागें राहिलें हें त्याच दिवशीं त्यावर टिपून ठेवावें. फिरणाऱ्याच्या कागदाची किंमत त्यावरील अक्षरांत जितकी, तितकीच तो कोठें सांपडला यांत असते.